तारण ठेवलेली पुढची खोली

माटुंग्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. दर वर्षी एक तास डचांच्या तारण ठेवलेल्या गावांसाठी राखून ठेवते. स्पेनशी लढायला डचांना पैसा आणि सैन्य हवं होतं. इंग्लंडच्या राणीने ते दिलं आणि तारण म्हणून दोन बंदरं नि एक किल्ला ताब्यात घेऊन तिथे आपली फौज बसवली. तीसेक वर्षांनी तिच्यामागून आलेल्या राजाने, येणं होतं त्याच्या निम्म्याहून कमी घेऊन, ती गावं सोडली. "अरे, इंग्रजांनीसुद्धा सोडली!" हे मी जरा जास्तच जोरात म्हणायचे. बाई एवढ्या का तापल्या, ते मुलांना कळायचं नाही.

तापायचे, कारण आमच्या लालबागच्या चाळीतली पुढची खोली काकांनी सोडली नव्हती. गिरणीच्या संपात बाबांनी शीवच्या मोठ्या काकांकडून पैसे घेतले आणि तारण म्हणून त्या खोलीची भाडेपावती त्यांच्या नावावर करून दिली. पैसे फिटले की पावती परत आपल्या नावावर, असं तोंडीच ठरलं. भावाभावांत कागद कसला करायचा! काकांचे दोन मुलगे राहायला आले आणि आम्ही पाच जण मागच्या खोलीत कोंबले गेलो. गॅलरीत जायचं तरी त्यांचं दार वाजवावं लागे. पुढे बाबांनी सगळे पैसे फेडले, पण खोली आली नाही. विचारलं की म्हणत, "देईल गं, भाऊ आहे माझा." मी काकांशी बोलणंच टाकलं.

यंदा चाळ पुनर्विकासाला निघाली. बाबा आता नव्हते. हक्क सोडायचा नाही, असं ठरवून मी चुलतभावाला कागद घेऊन बोलावलं. त्याने एक कागद पुढे केला. पूर्ण मोबदला घेऊन खोलीवरचा हक्क सोडत आहे, असं त्यावर लिहिलेलं, खाली बाबांची सही. साल मी दिल्लीला शिकायला गेले ते.

तो गेल्यावर मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

आई मेथी निवडत होती. "तुका सांगितलं असतं, तर तू गेली असतीस दिल्लीला?"

"अगं, मी काकांना चोर म्हणत राहिले!"

"काकांनीच सांगितलं, पोरीक कळू देऊ नका."

माझा संताप संताप झाला. माझ्यासाठीच केलं सगळं, पण मला फसवून. त्या डच गावांतल्या माणसांनाही कोणी काही विचारलं नव्हतं, हे मी इतक्या वर्षांत एकदाही वर्गात सांगितलं नाही.

काका वारले तेव्हा मी शीवला गेले नव्हते. आई एकटी जाऊन आली, आंघोळ केली, आणि मला जेवायला वाढलं.