वर्नाचा वर गेलेला हात

फ्लोरिडात समुद्राकाठच्या आमच्या सोसायटीत वर्ना कुबियाक चौथ्या मजल्यावर राहायची. ओहायोत शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म घालवून, नवरा गेल्यावर एकटीच इथं आलेली. महिन्याच्या मेंटेनन्समधनं माळी, लिफ्ट, विमा भागायचा. पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी वेगळे पैसे साठवायचे का, हे मात्र दर डिसेंबरात आम्ही हात वर करून ठरवायचो. 'नको' म्हणून पहिला हात वर्नाचा.

"मी मेल्यावर पडू द्या की छप्पर," ती म्हणायची. "तवर मला सुखानं दोन घास खाऊ द्या!"

लोक हसायचे आन् आपापले हात वर करायचे.

म्हातारी काही मेली नाही. खारं वारं खांबात शिरलं, लोखंड गंजून फुगलं, बाल्कन्यांचे पोपडे खाली पडाय लागले. इंजिनियरनं बिल्डिंग धोक्याची ठरवली. साठवणीत खडकू नव्हता, म्हणून एकेका घरावर ऐंशी हजार डॉलर बसले. वर्नाचं वय बघून बँकेनं कर्ज नाकारलं. घर तिला अर्ध्या किमतीत विकावं लागलं.

सामान गाडीत चढताना शेजारचा ऑझी म्हणाला, "वर्ने, छपराच्या आधी तूच निघालीस की गं!"

"गप रे मुडद्या. तुझाबी हात वरच होता."

ऑझीनं तिची शेवटची पेटी उचलून गाडीत ठेवली.

आता ती ओहायोत पुतणीच्या तळघरात असते. तिथल्या खिडकीतनं म्हणे नुसता बर्फ दिसतो, आन् येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट.