वडीवरचा काजू

माझी सून पोलंडची. लग्न तिकडेच झालं, मी फोटोत बघितलं. ती पहिल्यांदा रत्नागिरीला आली ती चार वर्षांच्या मुलीला घेऊनच. यायच्या आधी मुलगा फोनवर म्हणाला होता, "आई, छोटीला काजू चालत नाही हां. लक्षात ठेव." मी बरं म्हटलं. मला दूध चालत नाही, शेजारच्या वहिनींना वांगं चालत नाही. त्यातलंच काहीतरी असेल असं मी धरून चालले.

पहिला आठवडा मुलगा सोबत होता, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं. तिघं आरे-वारेच्या समुद्रावर जाऊन आले, पोरीने वाळू घरभर केली. मग त्याला कामासाठी तीन दिवस मुंबईला जावं लागलं. आम्ही दोघी आणि मधे ती पोर. माझं इंग्रजी प्राथमिक शाळेतल्या मास्तरणीचं, तिचं मराठी म्हणजे "आई", "पाणी" आणि "बस".

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पिशवी उचलली. "आई, शॉप. आय कुक."

मी म्हटलं, "गुड शॉप आहे. माय शॉप." आणि रिक्षा बोलावली.

त्या दुकानातून मी तीस वर्षं वाणसामान घेते. मालकाची दोन्ही मुलं माझ्या हाताखाली शिकली, म्हणून सगळा बाजार मला बाई म्हणतो, तसा तोही. त्याची बायको गल्ल्याजवळ बसते. सुनेला घेऊन जायचं म्हणून मी इस्त्रीची साडी नेसले होते. खोटं कशाला सांगू, मला मिरवायचं होतं.

पण दुकानात पाऊल टाकल्यापासून सून मला ओळखू येईना. पोरीचा हात घट्ट धरलेला. पोत्यांकडे अशी बघत होती, जणू त्यात साप बसलेत. मालक एकच पत्र्याचं माप डाळीत घालत होता, तेच तांदळात, तेच कोपऱ्यातल्या काजूगराच्या पोत्यात. तिने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. मी तूरडाळ सांगितली तर म्हणाली, "नो, आई. नॉट धिस." मी उकडे तांदूळ सांगितले. "नो."

मग ती बंद पुड्यांकडे वळली. कंपनीच्या पुड्यांवरचं बारीक इंग्रजी तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पण कुळथाच्या पिठाचा, भाजणीचा पुडा मराठीत. तिने फोन काढला आणि अक्षरांवर धरला. फोनने काय भाषांतर केलं कोण जाणे, तिने मान हलवून पुडा परत ठेवला. एक, दोन, पाच, सात पुडे.

मालक बघत होता. शेवटी म्हणाला, "बाई, आमच्या मालात काय खोट आहे काय? फोटो कसले काढतात त्या?"

"नाही हो, परदेशातली सवय," मी म्हटलं. मागे दोन गिऱ्हाइकं थांबली होती. त्यातली एक बाई दुसरीला म्हणाली, "आपल्या हातचं नको असेल." तिला वाटलं मला ऐकू गेलं नाही.

ते वाक्य मला लागलं. का लागलं ते सांगायला हवं. माझं लहानपण मंडणगड तालुक्यातल्या एका गावात गेलं. आमच्या आईवडिलांनी धम्म स्वीकारून बरीच वर्षं झाली होती, तरी तिथला दुकानदार आम्हाला पुडा हातात देत नसे. फळीवर ठेवायचा आणि मागे सरायचा, मग आम्ही उचलायचा. आणि आता माझीच सून माझ्या माणसांच्या दुकानात वस्तूला हात लावून परत ठेवत होती.

मालकाच्या बायकोनेही त्या गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकलं असावं. ती उठली, मागच्या घरात गेली आणि ताटली घेऊन आली. तिच्या हातच्या ओल्या नारळाच्या वड्या, गुलाबी. "नातीला देते बाई. घरच्या आहेत," असं म्हणत तिने एक वडी पोरीपुढे धरली.

पोरीने आईकडे बघितलं. आई पाठमोरी, पुडा वाचत होती. मग पोरीने माझ्याकडे बघितलं.

वडीच्या मधोमध अर्धा काजू दाबून बसवला होता. मी तो पाहिला. मुलाचे शब्दही मला आठवले. मी तो काजू नखाने काढला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि पोरीला म्हटलं, "घे बाळा."

तिने एक घास घेतला असेल नसेल, तेवढ्यात सून वळली. तिने वडीवर असा फटका मारला की वडी उडून काजूगराच्या पोत्यावर पडली. मग तिने पोरीच्या तोंडात बोट घातलं आणि होतं नव्हतं ते काढलं. पोर किंचाळायला लागली. मालकाची बायको ताटली धरून तशीच उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी.

माझा तोल सुटला. मी सगळ्यांसमोर मराठीत ओरडले, "अगं, काढलाय मी वरचा काजू! एवढं काय झालं?"

ती एकच शब्द म्हणाली, मुलाने तिला नीट शिकवून ठेवलेला. "काजू?"

मग तिने पोरीला कडेवर उचललं आणि रस्त्यावर धावली. मी मागोमाग. आमची रिक्षा उभीच होती. बसेपर्यंत पोरीचे ओठ सुजायला लागले होते. गळ्यावर लाल चट्टे आले. मग ती खोकली, आणि तो खोकला साधा नव्हता, आतून काहीतरी आवळल्यासारखा. मी तिचा हात धरायला गेले तर सुनेने माझा हात बाजूला केला. पर्समधून तिने जाड पेनासारखं काहीतरी काढलं, दातांनी टोपण उपटलं आणि फ्रॉकवरूनच पोरीच्या मांडीत दाबून धरलं. ओठांत ती आकडे मोजत होती, तिच्या भाषेत.

"हॉस्पिटल," ती म्हणाली.

"भाऊ, दवाखाना! लवकर!" मी ओरडले. रिक्षावाल्याने मागे वळून पोरीचा चेहरा पाहिला आणि हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. तेवढ्याशा रस्त्यात मी किती वेळा तिच्या छातीकडे बघितलं, श्वास वर येतोय का, खाली जातोय का. सून पोरीशी अखंड, हळू आवाजात बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. तासाभराने पोरीचा रंग परतला. डॉक्टरीणबाई माझ्याशी मराठीत बोलल्या. "ते इंजेक्शन वेळेवर दिलं म्हणून निभावलं. वरचा काजू काढून उपयोग नसतो आजी. कण लागला तरी घसा बंद होतो. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू, पुन्हा त्रास होऊ शकतो."

संध्याकाळपर्यंत आम्ही खाटेच्या दोन बाजूंना बसलो. मला कुणी विचारलं नव्हतं, पण न सांगता बसवेना. मी म्हटलं, "आय सॉ काजू. आय रिमूव्ह. देन आय गिव्ह."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त पोरीची चादर गळ्यापर्यंत ओढली.

मुलगा त्याच रात्रीच्या गाडीने निघाला. आल्यावर मी त्याला म्हटलं, "चालत नाही काय म्हणतोस? जिवावर बेततं असं सांगायचं होतंस." पण चूक माझी होती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

नंतरचे दोन दिवस सुनेने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. भांडी पुन्हा पुन्हा घासली. मी पोरीला जवळ घेतलं की ती दारात येऊन उभी राहायची. मी दुकानात जाऊन सगळं सांगून आले. मालकाच्या बायकोने कपाळावर हात मारला. "माझ्या हातून काय झालं असतं हो बाई!" मी म्हटलं, "तुमच्या नाही, माझ्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी सून पिशवी घेऊन माझ्यासमोर आली. मुलगा घरात होता, तरी त्याला तिने विचारलं नाही. "आई. शॉप. यू रीड."

पोरीला बापाजवळ ठेवून आम्ही गेलो. मालकाने तांदळाचं नवं पोतं आमच्यासमोर फोडलं आणि धुतलेलं माप घेतलं. सुनेने कुळथाच्या पिठाचा पुडा उचलून माझ्या हातात दिला. मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. मग मालकाला विचारलं, "हे दळतात कुठे?"

"बाजूच्याच वाडीत. बचत गटाच्या बायका दळतात."

"तिथे काजू भरडतात का?"

त्याने फोन लावला, विचारलं, आणि मान डोलावली. "भरडतात बाई. त्याच गिरणीत."

मी पुडा जागेवर ठेवला आणि सुनेकडे बघून म्हटलं, "नो."

तिने लगेच पुढचा पुडा उचलला आणि माझ्यापुढे धरला.