पाटाच्या पलीकडचं दार

चौथीपर्यंत शिकलो, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. पाटाबद्दल मात्र चूक निघणार नाही. सारा जन्म मी पाटकरी होतो. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं, ते मी बघायचो.

आमचं गाव शहाद्याहून एसटीनं जवळ. पाट गावाच्या मधून जायचा. जुन्या लोकांनी घरटी एक माणूस देऊन कुदळीनं खोदलेला. कागद कुणाकडे नाही, लागलाही नाही. दारापुढं पाट, पाटात दोन पायऱ्या. बाया भांडी घासायच्या, पाटावर टाकलेल्या फळीवरून पलीकडं विरजण द्यायच्या. पाणी आलं की अर्धं गाव पायरीवर.

माझ्या दारासमोर पलीकडं माझ्या दोस्ताचं दार. दोघं याच पाटात पोहायला शिकलो. एका उन्हाळ्यात त्यानं पाण्याची पाळी नसताना पाटातून आपल्या शेताची दारं फोडली. मी जाऊन बंद केली. ते बरोबरच केलं. पण नंतर चौकात, चार लोकांपुढं, त्याला चोर म्हणालो.

"मन्ही केळ वाळी ऱ्हायनी, आनि तू माले चोर म्हनस?" एवढंच बोलला आणि गेला.

त्यानंतर फळी ना त्यानं ओलांडली, ना मी. सकाळी मात्र दोघं आपापल्या पायरीवर. तो म्हशीला सांगायचा, "काय वं, आज बी आपले पानी नही. पाटकरी मोठा मानूस शे!" मी पाण्याकडं बघून म्हणायचो, "कोनी तरी सांगा त्या म्हशीले, नियम सगळास्ले सारखा शे." म्हैस विकल्यावर तो भिंतीशी बोलू लागला. माझी बायको हसायची, "दोन्ही म्हातारा येडा शेतस." ती गेली. त्या दिवशी तो स्मशानात आला, लोकांच्या मागं उभा राहिला आणि गेला.

मग पाणी पाइपात घातलं आणि पाटावर स्लॅब टाकला. पायऱ्या खाली गेल्या. आता वरून लोणखेड्याच्या कॉलेजची पोरं गाड्या पळवतात. तो बाहेर बसेना. आमच्या दोन दारांत आठ पावलं सिमेंट. आधी मधे पाणी होतं, म्हणून जात नाही असं म्हणता यायचं.

पंधरा दिवस त्याचं धोतर दोरीवर दिसलं नाही. सोळाव्या दिवशी टोपी घातली आणि गेलो. त्याची सून भाजी निवडत होती. दचकून उठली.

"आबा, तुम्ही? या, बसा."

"कोठे शे तो?"

"ननंद लई गयी सुरतले. आते तठेच ऱ्हातीन."

तिनं चहा केला. त्या घरातली बशी किती वर्षांनी हातात धरली. ती म्हणाली, "फोन लाई देऊ का? बोला ना."

"नको."

आवाज ओळखून त्यानं फोन ठेवला असता तर? आणि सांगायचं ते फोनवरचं नाही. दारं बंद केली ते आजही करीन. तो शब्द चुकला. हे समोर बसून सांगायचं असतं.

"आबा, सुरत काय लांब शे? नंदुरबारहून गाडी जास."

ते मला माहीत आहे.

उठलो. तिनं विचारलं, "मामांजीले काय सांगू?"

"सांग, मी उनू व्हतू."

मी आलो होतो, हा निरोप पोचला का, ते विचारायला अजून गेलेलो नाही.