व्याह्यांनी सोडलेले आकडे

अख्ख्या सोलापुरात कागदावरच्या मोकळ्या जागेची धास्ती घ्यायला लावणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या मुलीचा सासरा निघाला. व्याह्यांनी उभी हयात टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात घालवली. आता निवृत्त झालेत, पण कुणी नवा धंदा काढला की खाती लावून द्यायला बोलावणं यांनाच. संगणक, जीएसटी सगळं येतं. तरी खात्यांची पहिली यादी हातानेच लिहितात. जे आपलं आहे त्याचे आकडे एकपासून, देणं दोनपासून, भांडवल तीनपासून, उत्पन्न चारपासून, खर्च पाचपासून. "ह्या पाचात बसत न्हाय असं जगात कायबी न्हाय," हे ते लग्नात सांगतात आणि मयतीतही. एकदा माझ्या विहीणबाईंनी लाडात विचारलं, "मग मला कुठं घातलंय?" "भांडवलात," हे म्हणाले. बाई दिवसभर खुशीत. संध्याकाळी यांनीच खुलासा केला, की भांडवल म्हणजे शेवटी धंद्याच्या डोक्यावरचं देणंच की! त्या दिवशी घरात चूल पेटली नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. खात्यांना आकडे देतात दहा-दहाच्या अंतराने, आणि मध्येच एखादा गाळतात. ५३० नंतर एकदम ५५०. विचारलं तर, "असू द्या. येतंय कायतरी." आणि येतं हो! अशोक चौकातल्या एका कापडवाल्याच्या खर्चात त्यांनी भाड्यानंतर आकडा सोडला. जागामालकाशी असं काही फाटलं, की त्या जागेवर 'कोर्ट खर्च' येऊन बसला. एका बेकरीवाल्याच्या येणं-बाकीच्या यादीत जागा ठेवली. बेकरी जळाली आणि तिथे 'विम्याकडून येणं' लिहावं लागलं. लोक बोलवायचे, चहा पाजायचे, आणि यादी हातात आली की आधी गाळलेला आकडा शोधायचे.

मी हसत होते, तोवर माझ्यावर आलं. माझा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घरगुती धंदा. पीठ ५१०, शेंगा ५२०, गॅस ५३०, मग पाकिटं ५५०. मी म्हटलं, "व्याहीबुवा, माझ्याकडे आणि काय येणार? मी एकटी बाई, एकटी थापते." ते नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले. ऐन दिवाळीत मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. थापायला बाई ठेवली. ५४०, मजुरी. ती ओळ मी डाव्या हाताने लिहिली.

त्यांच्या स्वतःच्या घराची खातीही अशीच, माणशी एक: ते, विहीणबाई, मुलगा, माझी मुलगी, मग आलेगेले पाहुणे. एका वर्षी मुलीच्या नावापुढे त्यांनी एक आकडा सोडला, आणि सगळं घर हरखलं. पोरीला दिवस गेलेच होते. पाचव्या महिन्यात पोट पडलं. आकडा वर्षभर तसाच रिकामा.

पुढच्या वर्षी पुन्हा गोड बातमी आली. एप्रिलात नवी यादी झाली आणि मुलीचा फोन आला. आवाज पार बसलेला. "आई, माझ्यापुढं लगेच पाहुणे लिहिलेत गं. जागाच सोडली नाही मामांनी." दोन घास जात नव्हते तिला. मी तशीच रिक्षा करून गेले. भर दुपार, व्याही पंख्याखाली कॉटवर बसलेले. मानपान गेला खड्ड्यात, मी ओरडले, "काय दिसलं तुम्हाला? माझ्या पोरीचं काय होणार आहे ते सांगा!"

ते खाली बघत म्हणाले, "दिसत कायबी न्हाय वो. हात थांबतो. तितं कुणीतरी आधीच बसलंय असं वाटतं, मंग मी सरकून पुढं लिव्हतो."

"मग यंदा हात थांबला नाही?"

दारात मुलगी येऊन उभी होती, ते त्यांनी पाहिलं.

"थांबला की," ते म्हणाले. "पर गेल्या साली मीच जागा केली अन् ती रिकामी ऱ्हायली. पोरगी आत रडायची, मी हितं त्या आकड्याकडं बघत बसायचो. वाटलं, माझ्याच जागा करण्यानं गेलं. म्हणून यंदा डाव्या हातानं उजवा हात धरला, अन् लिव्हलं पाहुणे." ज्याला सारं शहर घाबरतं तो माणूस आमच्याहून जास्त घाबरलेला होता, आणि मला माझीच लाज वाटली. मुलगी पुढे आली, त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "मामा, भूक लागली."

नात सुखरूप झाली. आता रांगते. व्याही अजून लोकांची खाती लावून देतात, पण जागा सोडत नाहीत. आकड्याला आकडा चिकटलेला. तरी लिहिता लिहिता कधी हात थांबतो. मग ते पेन ठेवतात, नातीला कडेवर घेतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. कुठल्या नावापाशी थांबला, हे विचारायचा धीर मला होत नाही. परत आल्यावर "लई जड झाली वो पोरगी," एवढंच म्हणतात, आणि तिला खाली काही ठेवत नाहीत.