तिसऱ्या प्लगची वायर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडी बघितली. बायको आत बसून पायानं रेस देत होती आणि मी बोनेटात डोकं घालून उभा होतो. इथवर सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगितलंय. पुढचं मात्र सात वर्षांत कुणाला बोललो नाही. मुलीलाही नाही. तुम्ही माझे कोण लागता? कुणी नाही. म्हणूनच असेल — तुम्हाला सांगतो.

मी चौथी शिकलेला. लांज्याजवळ आमचं गाव. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि म्हातारपणी एक जुनी पेट्रोलची गाडी स्वतःची घेतली. ती मिसिंग मारायची. म्हणजे चार प्लगांतला एक पेटत नसे, आणि उभी केली की गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची. रस्त्याला लागली की चालायची बरी. म्हणून मी वर्षभर तसंच रेटलं.

हिरा — माझी बायको — नाटे गावची. शिमग्यात देवीची पालखी तिच्या माहेरच्या दारात दुपारच्या आत यायची आणि ती ओटी भरायची. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं. गुडघे धरल्यापासून तिला एसटीची पायरी चढवत नव्हती, तेव्हा आमच्याच गाडीनं जायचो. आदल्या वर्षी गेलो तर अंगणात पालखीवाले, शेजारीपाजारी, सगळी माणसं. मी गाडी उभी केली आणि ती लागली थरथरायला. हिराचा भाऊ दत्ताराम, मच्छीमार माणूस, आवाज मोठा — तिकडून ओरडला, "काय वो भावोजी, गाडी आणलीत की भाताची गिरण?" सगळे हसले. हसू देत, शिमगाच तो. पण हिरा पण हसली. तोंडाला पदर लावलान, पण हसली.

मला राग कुणाचा आला? त्याचा की तिचा? अजून नक्की सांगता येत नाही.

तर पुढच्या शिमग्यातली, पालखीच्या दिवसाची ती सकाळ. पिशवी भरून पडवीत ठेवलेली — खण, नारळ, तांदूळ. हिरा म्हणाली, "अहो, गाडीला काय होतंय ते बघा तरी. नायतर दत्ता परत चिडवील." नेमकं हेच बोलायचं होतं का तिनं?

बघायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि प्लगच्या वायरी एकेक करून उपटायच्या — फडकं धरून, नाहीतर झटका बसतो. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो प्लग चांगला. काहीच फरक पडला नाही तर मेलेला तोच. पहिली काढली, लंगडलं. दुसरी काढली, लंगडलं. तिसरी काढली — काही नाही. टोकात बघितलं तर हिरवा गंज. एवढंच! वर्षभर एवढ्यासाठी! पॉलिश पेपरनं घासलं, वायर परत दाबून बसवली, आणि इंजिनाची थरथर गेली. आतून हिराचा आवाज आला, "झाली की हो बरी!"

आणि मी ती वायर परत उपटली.

का? बरी झालेली गाडी ऐटीत न्यायची, दत्तारामाच्या दारात चालू ठेवून उभी करायची, रागावलेल्या माणसानं हेच करायचं ना? मग मी उलटं का केलं? तिला घरात बसवायची होती म्हणून? वर्षभर धरून ठेवलेला राग असा एका वायरीवर संपवायचा नव्हता म्हणून? कळत नाही. हात गेला एवढं खरं. म्हणजे हात माझाच, तो आपला आपण गेला असं मी म्हणत नाही.

मी म्हटलं, "वॉल्व गेलाय. हेड उघडायला लागेल. आज जाणं नाही."

"आत्ता तर बरी चालली होती."

"तुला काय कळतं त्यातलं?"

तिनं चावी फिरवून गाडी बंद केलीन. दार धरून उतरली, पिशवी आत नेली. मग भावाला फोन केलान. तो म्हणाला असणार की मी येतो न्यायला, कारण ती म्हणाली, "नको रे दत्ता, ह्यांना वाईट वाटेल." मी पडवीत बसून ऐकलं. तेव्हा तरी उठायचं. वायर लावायला किती वेळ लागतो? बसून राहिलो.

तिला कळलं होतं का? कळलं असेल तर बोलली का नाही? कळलं नसेल तर जेवताना माझ्याकडे बघत का नव्हती? की ती बघत होती आणि मीच बघत नव्हतो? आता कुणाला विचारू?

जेवून आडवी झाली. चारच्या सुमाराला मी चहा केला, हाक मारली. उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं. नाट्याला गेलो असतो तर वाचली असती? माहीत नाही. ओटी भरून गेली असती, एवढं माहीत आहे.

दत्ताराम आला, रत्नागिरीहून मुलगी आली. अंधार पडता पडता सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताराम अंगणात बसला होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "भावोजी, तोंड धुतो नि गाडी बघतो. झालंय तरी काय तिला?" होडीची इंजिनं त्यानं जन्मभर उघडलेली. सुटी वायर त्याला बोनेट उघडल्या उघडल्या दिसली असती. तो विहिरीवर गेला. मी बोनेट उघडलं, तिसरी वायर पुरती काढून घेतली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. वर आंघोळीचं पाणी तापत होतं. मुलगी आतून म्हणाली, "बाबा, कसला वास येतोय?" मी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

दत्तारामानं वाकून बघितलं. "एक वायरच नाय हिची."

"उंदरानं नेली असणार," मी म्हटलं.

"उंदरापायी!" तो म्हणाला. "उंदरापायी घरी राहिली माझी ताय!" आणि गाडीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

मी जवळ गेलो आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.