इंदूबाईंची परीक्षा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या नऊ लहान कचेऱ्यांचे संगणक नम्रता सांभाळते. प्रत्येक कचेरीत एक सर्व्हर आहे आणि तो ती पोशीर गावातल्या आपल्या घरी, पडवीत बसून लॅपटॉपवरून चालवते. खालापुरात प्रत्यक्ष जायचं तर स्कूटीवर तासाहून जास्त लागतो.

सगळ्यांत मोठी कचेरी खालापूरच्या अण्णा वकिलांची. गेल्या वर्षी तिथे नम्रताने पहिल्यांदाच सर्व्हर बसवला आणि त्यात नवं सॉफ्टवेअर घातलं. त्यातले रंगीत आलेख तिला आवडले होते. पहिल्याच दिवशी दुपारी एकला संपर्क तुटला, तो जुळेचना. ती खालापूरला पोचली.

"इंदूबाई, काही बंद केलंत का?"

"मेन," कचेरीची साफसफाई बघणाऱ्या इंदूबाई म्हणाल्या. "जेवाया बसताना मेन बंद करायचा. मागं वायर जळली ना, तवापास्नं."

"मेन गेला तरी सर्व्हरला बॅटरी होती ना?"

"ती बोंबलाया लागली. तिचं बी बटन दाबलं."

जेवणानंतर इंदूबाईंनी दोन्ही पुन्हा सुरू केलं होतं. पण सर्व्हर 'अचानक का बंद केलंत?' असं पडद्यावर इंग्रजीत विचारून उत्तराची वाट बघत थांबला होता. अण्णांनी तो प्रश्न वाचला होता. तो आपल्याला नसावा असं त्यांना वाटलं.

त्या आठवड्यात हे तीनदा झालं. "सोमवारी पुन्हा झालं तर मी पनवेलच्या कॉम्प्युटरवाल्या लोकांना बोलावणार," अण्णांनी बजावलं.

नम्रताने इंदूबाईंना विनवून पाहिलं.

"तुझं मशिन आठ दिवसांचं हाय, माजी सवय बावीस वर्सांची. कोणी बदलायचं गं?"

शनिवारी नम्रता तीन जुने संगणक घेऊन आली. वीज आली की आपोआप सुरू होतील अशी सोय तिने तिन्हींत केली होती. सॉफ्टवेअर मात्र तीन वेगळी.

"इंदूबाई, मेन बंद करा."

"जेवायची येळ नाय झाली."

"परीक्षा आहे."

इंदूबाईंनी जोर लावून खटका पाडला आणि पाच मिनिटांनी वर केला. पहिल्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला. दुसरा पासवर्डसाठी अडून बसला. तिसऱ्याच्या काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली आणि दोन मिनिटांत तो नम्रताच्या लॅपटॉपवर हजर झाला. चित्र नाही, आलेख नाही. खटका आणखी सहा वेळा पडला. तिसरा संगणक सहाही वेळा उठला.

"ह्यो बरा," इंदूबाई म्हणाल्या. "बोलत नाय, कामाला लागतो."

तिसऱ्यातलं सॉफ्टवेअर नम्रताने त्याच दिवशी सर्व्हरवर घातलं. सोमवारी एकला संपर्क तुटला आणि पावणेदोनला आपोआप जुळला. अण्णांचा फोन आला नाही. पनवेलचे लोकही आले नाहीत. आता नऊही कचेऱ्यांत तेच सॉफ्टवेअर आहे.

परवा मात्र सव्वा वाजला तरी खालापूरचा सर्व्हर चालूच होता. नम्रताने फोन लावला.

"इंदूबाई, आज जेवला नाहीत?"

"चतुर्थी हाय गं. तुला पोशीरात बसून कसं कळलं?"

"मेन चालू आहे."

"अगं बाई," इंदूबाई म्हणाल्या, "मग च्या घेताना बंद करू का?"

"करा," नम्रता म्हणाली.

पाच मिनिटांनी संपर्क तुटला.