बैलाशी बोलतो तसं

धाकट्या भावानं माझ्यावर कोयता उगारला तो भर दुपारी, उसाच्या फडात. "त्यो म्हणतोय मार," एवढंच बोलला आणि वार केला. मी हात आडवा घातला म्हणून मान वाचली. दंडाला अकरा टाके पडले. मीही काय संत नव्हे. पलटणीतनं निवृत्त झालेला हवालदार मी! उसाच्या दांडक्यानं त्याला असा झोडपला, की चौघांनी मला धरलं. मग गोठ्यात बैलाशेजारी साखळीनं बांधला. होय, सख्ख्या भावाला.

बायको म्हणाली, "आवं, भावजी घरात ऱ्हाणार असतील तर म्या पोरास्नी घिऊन आष्ट्याला म्हायारी चालले." मीही ठरवलं, एकदा सांगलीला दाखवायचं, नाहीतर कुठल्यातरी आश्रमात कायमचा टाकून यायचं.

डॉक्टर म्हणाले, ह्याच्या कानात आवाज येतो, तोच ह्याला मार म्हणून सांगतो. त्यांनी गोळ्या दिल्या आणि बोलून उपचार करणाऱ्या एका मॅडमकडं धाडलं. त्या म्हणाल्या, कानातल्या आवाजाशी भांडू नका, मायेनं बोला. स्वतःशीही. माझं टाळकंच सरकलं. जो मार म्हणतो त्याला माया? "मॅडम, असल्याला आमच्यात फटकं देत्यात!" तरी त्यांनी घरी रोज सराव करायला सांगितला. मी तो परेडसारखा घेतला. सकाळी सहाला भावाला सावधान उभा करून ओरडायचो, "स्वतःवर माया कर! मोठ्यांदा!" तो लटलट कापायचा. कानातला आवाज आणखी चढला.

हे ऐकून मॅडमनी कपाळावर हात मारला. भावाला विचारलं, "तुम्ही मायेनं कुणाशी बोलता?"

"बैलाशी."

ते खरं होतं. बुजलेल्या बैलाला मारलं तर तो जास्तच उधळतो. गळ्याखाली खाजवत, "हो, हो" करत त्याच्याशी बोलावं लागतं. भावाच्या हाताखाली कसलाही बैल गप व्हायचा.

मॅडमनी रिकामी खुर्ची मांडली. "आवाजाला इथं बसवा. कुणासारखा आहे तो?"

"दादासारखा. दादाचाच हाय."

ती खुर्ची उचलून भिंतीवर आपटावी असं वाटलं मला. बाप गेल्यावर ह्याला मी वाढवला! रजेवर आलो की पट्टा काढायचो. दूध सांडलं, पट्टा. नापास झाला, पट्टा. आमच्या बापानं मलाही तसंच वाढवलं होतं, दुसरं मला येतच नव्हतं.

भाऊ खुर्चीसमोर उकिडवा बसला. बैलाला खाजवायला करतो तसा हात पुढं केला. "हो, हो, बाळा. लय भ्यालायस व्हय? आता कोण न्हाई मारत तुला."

पन्नाशी उलटली, मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी ढसाढसा रडलो.

भाऊ उठला, माझ्या टाके पडलेल्या दंडावर त्यानं हात ठेवला. मी दचकून मागं सरलो. त्यानं हात काढला नाही. "हो, हो," म्हणाला.

बाहेर येऊन बायकोला फोन लावला. "त्यो घरातच ऱ्हाईल. कोयतं सगळं कुलपात ठिव, पण गोठ्यातली साखळी काढून टाक. आन् खुंटीवरचा माझा पट्टाबी."